टाकीत पाणी कोण घालतंय

नाही, मला एक सांगा, काचेची टाकी पोचवायला आलेल्या माणसानं टाकी पोचवावी की नाही? ठेवावी, पैसे घ्यावेत, जावं. हा सकाळी येतो म्हणून दुपारी आला, आणि वर दारातच म्हणतो, ''साहेब, खिडकीजवळ ठेवू नका.'' का रे बाबा? ''ऊन येतं. शेवाळ धरतं. पाणी तापतं. माझी सगळी हयात टाक्या पोचवण्यात गेली.'' अरे मग पोचव ना, आणखी एक पोचव... पण नाही. तो टाकी छातीशी धरून उंबऱ्यात उभा, आणि मला शिकवतोय.

आता तुम्हाला सांगतो, टाकी खिडकीजवळच ठेवायची हे आमच्या घरात केव्हाच ठरलेलं होतं, आणि ठरलेलं म्हणजे बायकोनं ठरवलेलं. ती डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. तिथे बाहेरच्या खोलीत डॉक्टरांनी हौसेनं खाऱ्या पाण्याची मोठी टाकी ठेवलेली, आत प्रवाळ. प्रवाळ म्हणजे दगडावर उगवलेलं हिरवं गवतच म्हणा, फक्त ते जिवंत असतं, प्राणी असतो, उघडतं, मिटतं. आता मला सांगा, डोळ्यांच्या दवाखान्यात ही टाकी कुणासाठी? पेशंट आला की त्याच्या डोळ्यांत औषध घालतात, त्याला पुढचा तासभर समोर माणूस आहे की कपाट आहे ते कळत नाही. सगळे डोळे मिटून बसलेले, आणि पाठीमागे हा एवढा समुद्र चाललाय. बघणारी एकटी ही. बघून बघून तिला वाटायला लागलं, आपल्याकडेही हवं. लहानसं. आणि स्वस्तात. प्रवाळाला खास दिवा लागतो, त्याची किंमत ऐकली आणि ती म्हणाली, ''सूर्य फुकट आहे.'' झालं. खिडकी.

तर मी आणि काचवाला दारात वाद घालतोय आणि फोन वाजला. दवाखान्यातल्या सिस्टरचा. ''तुम्ही जरा येता का? मॅडमना बरं वाटत नाहीये.'' आता ही सिस्टर एरवी बोलते कशी, एका बाजूनं आपल्याशी बोलत असते आणि दुसऱ्या बाजूनं पेशंटला झापत असते. ती इतकं हळू बोलली की मी चपला शोधायला लागलो. आणि हा काचवाला, घाम गळतोय, ''साहेब, मग ठेवू कुठं?'' मी म्हटलं, खिडकीजवळ. आणि गेलो.

पोचेपर्यंत सगळं झालेलं होतं. काउंटरवर बसल्या बसल्या. समोरच्या पेशंटला वाटलं, मॅडम मान खाली घालून काहीतरी वाचतायत. त्याला दिसत नव्हतं ना.

परत आलो तेव्हा घरात माणसं जमलेली, आणि टाकी खिडकीजवळ. त्या दिवशी माझ्या हातून नीट झालेलं काम म्हणाल तर तेवढंच.

मग भेटायला येणाऱ्यांची रीघ. येतात बिचारे, त्यांचं काही चुकत नाही. बसतात, पाणी पितात, फोटोकडे बघायचं टाळतात, माझ्याकडे बघायचं टाळतात, आणि टाळता टाळता नजर जाते कुठे? टाकीकडे. माझे साडू आले. मोठा माणूस, चार ठिकाणी भाषणं करतो. बसले, घसा खाकरला, मला वाटलं आता बोलतील दोन शब्द. म्हणाले, ''हे... खिडकीजवळ ठेवू नका हं.'' खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या, माझा हात हातात घेतला, डोळे भरलेले, म्हणाल्या, ''देवाला काय वाटलं असेल हो... आणि ती टाकी खिडकीत का? गळली तर थेट माझ्या पलंगावर.'' आणि खरं सांगू? बरं वाटायचं. नाहीतर बोलायचं काय होतं त्यांनी? मी सांगायचो काय होतं?

तसा मी ती टाकी परतच पाठवणार होतो. रिकामी होती, कोरी होती. पण डॉक्टरांचा फोन आला. मोठे अवघडलेले. ''नाही, ते... मॅडमसाठी मी प्रवाळाचा एक तुकडा कापून ठेवला होता. वेगळा ठेवलाय. त्या दिवशी सकाळीच कापला. त्याचं काय करू?'' आता सांगा, यावर काय म्हणायचं असतं? टाकून द्या म्हणायचं? मी म्हटलं, ठेवा थोडे दिवस, टाकी तयार करतो. मी! ज्याला साधं कुंडीतलं रोप टिकवता येत नाही.

मग माशांचं दुकान. तो दुकानदार म्हणजे जगात कशाची घाई म्हणून नाही. ''काका, टाकी पिकू द्यायची.'' पिकू द्यायची म्हणजे? आंबा आहे का? ''म्हणजे खारं पाणी, दगड, पंप, एवढंच चालू ठेवायचं. आत सोडायचं काही नाही. पाणी आपोआप तयार होतं.'' किती दिवस? ''होतं.'' अहो पण किती? ''काका, होतं.'' आणि निघताना, दुकानाच्या पायरीवरून, ''ठेवली कुठंय? खिडकीजवळ ठेवू नका हं.''

म्हणजे बघा, मी घरी बसून शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासतो, टेबल खिडकीपाशी, शेजारी टाकी, आणि टाकीत काय? दगड. पाण्यात दगड, आणि पंपाची घरघर. महिना उलटला तरी तेच. येणारा विचारायचा, मासे कुठायत? नाहीत. मग आत काय आहे? काही नाही. येणारा माणूस माझ्याकडे असा बघायचा, आणि जाताना मुलीला बाजूला घेऊन म्हणायचा, ''बाबांकडे लक्ष दे गं.''

शेवटी आला तो तुकडा. सिस्टर स्वतः घेऊन आली, प्लास्टिकच्या डब्यात, मांडीवर धरून, रिक्षा हळू चालवायला लावून. तळहाताएवढा दगड, त्यावर जांभळट कातडं, आणि त्यातून हिरवे तुरे येणार. येणार म्हणजे यायला हवेत. आम्ही तिघं टाकीभोवती. मी, मुलगी, आणि सासूबाई. सासूबाई लेकीच्या दहाव्याला म्हणून आल्या त्या राहिल्याच, आणि त्यांना जा म्हणणारं आमच्यात कुणी नव्हतं. त्या जवळून बघून म्हणाल्या, ''पोवळं म्हणजे अंगठीत घालतात तेच ना? ते जिवंत असतं?'' मुलगी म्हणाली, ''आजी, असतं.'' ''मग मिटून का बसलंय?'' ''नवीन जागा आहे.'' सासूबाई म्हणाल्या, ''बेबीपण तशीच होती. नवीन घरी गेली की बोलायची नाही.'' बेबी म्हणजे माझी बायको. बावन्नाव्या वर्षीसुद्धा बेबी. दवाखान्यातले लोक तिला मॅडम म्हणायचे तेव्हा ह्यांना हसू यायचं.

तर ते मिटून बसलं ते बसलंच. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. दोनचार तुरे बाहेर यायचे, परत आत. मला टेबलाशी बसवेना. एक ओळ तपासायची, मान वळवायची. एक ओळ, मान. लेखकानं सूर्य पश्चिमेला उगवला असं लिहिलं असतं तरी मी पुढे पाठवलं असतं. ऊन येत होतं, काचेवर हिरवा थर चढत होता, मी खेळायच्या जुन्या पत्त्याच्या कडेनं तो खरवडत होतो, पाणी तापायचं म्हणून समोर टेबलफॅन लावून ठेवला होता, आणि सासूबाईंना तो पंखा पाहिजे होता पण त्या म्हणत नव्हत्या, पदरानं वारा घेत होत्या. मुलगी एकदा म्हणाली, ''बाबा, सगळे सांगतायत ना, खिडकीजवळ ठेवू नका म्हणून. मग आपण...'' आणि वाक्य तिथेच सोडून भांडी घासायला गेली.

आता पंखा लावला म्हणजे पाणी उडणार. दुकानदारानं सांगितलं होतं, कमी झालं की भर घाला. न्हाणीघरात झाकणाची बादली, तिच्यात समुद्राचं मीठ कालवून ठेवलेलं पाणी. मी रोज दुपारी, सासूबाई आडव्या झाल्या आणि मुलगी कामावर गेली की, त्यातलं तांब्याभर घ्यायचो, अगदी हळू, दगडाला धक्का लागू नये असं ओतायचो. दोन मिनिटं उभा राहायचो. काही बोलायचो नाही बरं का. म्हणजे, फार नाही.

आणि गंमत म्हणजे पाणी कधी कमी दिसायचंच नाही. मी खूश, माझं प्रमाण अगदी बरोबर बसलंय. बादली मात्र लवकर तळ गाठायची. मला वाटायचं, माझंच लक्ष नाही. त्या दिवसांत मी दुधाचं पातेलं कपड्यांच्या कपाटात ठेवलेलं होतं, तेव्हा बादलीचं काय घेऊन बसलात.

प्रवाळ आणखी आक्रसलं. कड पांढरी पडायला लागली. दुकानदाराला फोन केला. ''काका, खारटपणा मोजा.'' त्यानं एक काट्याची डबी दिलेली होती, पाणी भरलं की काटा वर येतो, जितकं खारट तितका वर. काटा आला तो पार वरच्या कडेला टेकला आणि तिथेच चिकटला. मी डबी हलवली, आपटली. काटा हलेना. ''काका, डबी बिघडली असेल. दुसरी देतो.'' दुसरी आणली. तिचाही काटा वर. ''मग काका, हे बघा, ती खिडकी...'' मी फोन ठेवला.

मग एका रविवारी भरदुपारी. माझा डोळा लागला होता खुर्चीत, खाड्कन जाग आली, तर टाकीपाशी सासूबाई. हातात पेला. पाणी ओततायत आणि तोंडानं चाललंय, ''घे गं, घे. किती ते मिटून बसावं माणसानं. उघड डोळे.'' मला वाटलं उठू नये. तेवढ्यात आतून मुलगी आली, हातात भरलेला मग. ती आजीकडे बघतेय, आजी तिच्याकडे, आणि मी दोघींकडे.

''आजी, तू काय करतेयस?''

''मी? काही नाही. पाणी घालतेय. रोज घालते. तू काय करतेयस?''

''मी पण रोज घालते. कामावर जायच्या आधी.''

''कुठलं पाणी?''

''न्हाणीतल्या बादलीतलं. आणि संपलं की मीठ कालवून ठेवते. तू?''

''मी पण तेच. समुद्राचा जीव तो, त्याला नळाचं पाणी कसं चालेल?''

मग दोघी माझ्याकडे वळल्या. काय सांगू तुम्हाला. माझ्या टेबलावर सातवीच्या विज्ञानाचं पुस्तक उघडं पडलेलं, धडा कुठला, तर बाष्पीभवन. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. हे वाक्य मी स्वतः वाचून, स्वल्पविराम बरोबर जागी आहे ना ते बघून, बरोबरची खूण करून ठेवलेलं. आणि उडालेल्या पाण्याच्या जागी आम्ही तिघं, एकमेकांना चोरून, महिनाभर खारं पाणी ओततोय. उडालं होतं साधं पाणी. घालायचं होतं साधं पाणी. आम्ही त्या तळहाताएवढ्या जिवाचं लोणचं घालत होतो.

मुलगी हसायला लागली. तोंडावर हात धरून, मग हात काढून. किती दिवसांनी. सासूबाई म्हणाल्या, ''हसतेस काय, मेलं असतं ना ते,'' आणि मग त्याही हसायला लागल्या, आणि हसता हसता खाली बसल्या, आणि बराच वेळ बसून राहिल्या. मी पंखा त्यांच्याकडे वळवला.

मग दुरुस्ती. एकदम करता येत नाही, दुकानदार म्हणाला, एकदम केलं तर धक्क्यानंच जाईल. रोज थोडं खारं काढायचं, थोडं गाळलेलं साधं घालायचं. काटा एकेक रेघ खाली येणार. ते दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. सासूबाई सकाळी उठल्या उठल्या विचारायच्या, ''काटा उतरला?'' ताप उतरला का विचारावं तसं. साडूंचा फोन आला, ''काय, कसं काय?'' मी म्हटलं, आज अर्धी रेघ उतरला. ते म्हणाले, ''बरं, बरं, काळजी घे,'' आणि कुणाबद्दल बोलतोय ते त्यांनी विचारलंच नाही.

आणि मग एका सकाळी मुलगी ओरडली, ''बाबा, लवकर या,'' आणि मी ब्रश तोंडात तसाच धावलो. उघडलं होतं. सगळं नाही, एका बाजूनं. पण हिरवेगार तुरे, पंपाच्या पाण्यात हलतायत, आणि त्यावर ऊन. फुकटचं.

आता प्रश्न असा, की दिवसातून एकदाच आणि एकानंच पाणी घालायचं. पण सोडणार कोण? मी म्हटलं, मी घरीच असतो. मुलगी म्हणाली, ''आईनं मला सांगितलं होतं, टाकी आपण दोघी सांभाळू.'' सासूबाईंनी पेला धुऊन पुसून आपल्या उशाशी ठेवला. मग पाळ्या लावायचं ठरलं. आणि पाळ्या लावणार कोण, तर वयानं मोठं कोण? सासूबाई. बोटांवर मोजायला लागल्या. ''सोमवार तुमचा. मंगळवार हिचा. बुधवार माझा. गुरुवार बेबीचा. शुक्रवार परत तुमचा...''

मोजत मोजत रविवारपर्यंत गेल्या. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी टाकीकडे पाहिलं. कुणी काही बोललं नाही, आणि एकदा बोललं गेलं नाही म्हटल्यावर ते पुढे कसं बोलणार? दुकानदाराला नुसतं विचारून ठेवलं, एखाद दिवस पाणी राहिलं तर? तो म्हणाला, ''चालतं काका. एक दिवस चालतं.''

आज गुरुवार. पाणी बोटभर खाली गेलंय, आणि घरात आम्ही तिघंही आहोत. घातलेलं नाही.