मागे कुलूप नको

(बदलापूरपासून आत, बारवीच्या रस्त्यावरची एक वाडी. चांगोच्या ओटीवर दुपारचा चहा.)

शीला : ...आणि ते मंडळवाले निघतात शाळेच्या गेटापासून. बॅनर, टी-शर्ट, मागे पाण्याचा टेम्पो. मी विचारलं, त्या दिवशी गेटाला कुलूप असतं का? तो पोरगा मी शाळा लुटायला आल्यासारखा बघत राहिला.

चांगो : शिवरात्रीची सुट्टी, वैनी. कुलूप असनारच.

शीला : तेच म्हणते मी. कुलपापासून निघून काय उपयोग? अंबरनाथच्या महादेवाला चालत जायचं तर मागे दार उघडं पाहिजे आणि घरात माणूस पाहिजे. तुमच्या वाडीचीच ना ही रीत? ह्यांनी तुमच्याकडूनच उचलली. आम्हा घाटावरच्या लोकांना कुठलं माहीत असायला.

चांगो : आमच्या आज्यापासून हाय. घर कोनाच्या तरी हवाली करून निघायचं. कुलपाच्या हवाली नाय.

शीला : मग मी कुठून निघू ते सांगा. शिवरात्र तोंडावर आली. रिक्षा करून त्यासाठीच आलेय.

चांगो : तुमच्या घरून निघा की. भगवान तिथूनच निघायचा.

शीला : हे निघायचे, कारण मागे मी असायची. माझ्या मागे कोण आहे, भाऊजी? भिंती आहेत. गेल्या साली निघून बघितलं ना मी. ह्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं, वर्षाच्या आत देवाला जाऊ नये म्हणतात, तरी निघाले. टीव्ही चालू ठेवला, म्हटलं आवाज तर राहील घरात. दार नुसतं लोटलं. एक मजला उतरते न उतरते तोच वर खट्. आपोआप लागणारं लॅच ते. किल्ली आत, मोबाइल आत. चावीवाला सापडेपर्यंत सगळा दिवस जिन्यात बसून काढला, आणि आत टीव्हीवर भजन चाललंय आपलं.

चांगो : हे कंदी बोलला नाय तुमी.

शीला : काय बोलायचं त्यात? ह्या वर्षी शेजारच्या प्रतिभाला विचारलं, दिवसभर बसशील का घरात? चांगली आहे हो ती. पण म्हणे, काकू, मी कॅमेरा बसवून देते, चालता चालता मोबाइलवर घर दिसेल. आता घर मला दिसून काय करू? बाहेर गेलेल्याला घर दिसायला नको असतं. घरात कोणीतरी असायला हवं असतं.

चांगो : फोन वाजतोय तुमचा.

शीला : रविनाच असेल. मला कानाला धरून ऐकू येत नाही, स्पीकरवर टाकते. बोल गं.

रविना : आई, कुठे आहेस? केव्हाची लावतेय फोन.

शीला : चांगो भाऊजींच्या वाडीवर आलेय. ऐकतायत तेही.

रविना : काका, नमस्कार. तुम्हीच समजवा ना हिला. मी कधीची बोलतेय, कॅम्प दोनवरून निघ, आमच्याकडून. इथून अंबरनाथ काय, यूं गेली आणि यूं आली.

शीला : तुम्ही दोघं कामाला गेलात की तुमच्या घराला सकाळपासून कुलूप.

रविना : अगं, पण दुकान तर खुलं असतं ना? शटर वर, मी मशीनवर, बाजूला आमचे दुकानमालक साई बसलेले. त्यालाच दार समज.

शीला : शटरला उंबरा असतो का?

रविना : आता उंबरा कुठून आणू मी? आई, कसम से, मीच आले असते तुझ्या घरी बसायला. पण लग्नाचा सीझन आहे, ब्लाउजचा ढीग पडलाय आणि कारागीर गेलाय गावाला. पुढच्या वर्षी पक्का. प्रॉमिस.

शीला : बरं. पुढच्या वर्षी.

रविना : रागावलीस?

शीला : नाही गं बाई. गिऱ्हाईक बोलावतंय तुला, ऐकू येतंय मला. ठेव.

चांगो : पोरगी मायेची हाय.

शीला : आहे ना. माया भरपूर आहे, वेळ नाही. तिला तरी काय बोलू? म्हणून म्हटलं, तुमच्या ओटीवरून निघावं. लांब पडेल, पडू दे. तुम्ही असताच घरी. गेल्या साली गेला नाहीत, ह्याही साली गुडघा दुखतो म्हणालात.

चांगो : गुडग्याला काय नाय झालं.

शीला : मग?

चांगो : गेल्या साली मी पन निघालो व्हतो. भगवान दिवाळीत गेला, पौषात आमची आवडी गेली. घरात कोन? दार उघडं टाकलं, ओटीवर कुत्रा बांधला नि निघालो. पुलापर्यंत गेलो. तिथनं माघारी फिरलो.

शीला : कुत्र्याचा भरवसा नाही वाटला?

चांगो : कुत्रा चांगला व्हता. पन तिथं गेल्यावर सांगायचं काय?

शीला : कोणाला काय सांगायचं?

चांगो : देवाला. घरी कोन हाय ते. भगवाननी तुमाला कंदी सांगितलं नाय?

शीला : मला काय सांगतात. मी विचारलं नाही आणि त्यांनी नेलं नाही. संध्याकाळी यायचे, बेलाचं पान हातावर ठेवायचे आणि पाय शेकायला गरम पाणी मागायचे. खरं सांगू का भाऊजी, मला राग यायचा. वाटायचं, ह्यांना कुलूप चालत नाही म्हणून मला लावून जातात दाराला.

चांगो : तसं नाय, वैनी. गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरून खाली गेलं का पिंडीला हात लावायचा नि घरी बसलंय त्याचं नाव घ्यायचं. मी पुढं असायचो, मी बोलायचो, आवडी घरी हाय. माज्या मागनं तो. ‘शीला घरी आहे.’ दर साली. मागनं गर्दी रेटायची, चला चला करायची, पन ते बोलल्याबिगर हात काढायचा नाय.

शीला : आणि मग काय मागायचे?

चांगो : मागायचं काय नाय. तेवढं बोलायचं नि वर यायचं.

शीला : माझं नाव घ्यायचे?

चांगो : व्हय.

शीला : घरात तर ‘अगं’च्या पुढे कधी गेले नाहीत. सासूबाई असताना नाही आणि त्या गेल्यावरही नाही. मला वाटायचं, विसरले असतील.

चांगो : च्या गार झाला तुमचा. दुसरा टाकतो.

शीला : नको. बसा तुम्ही. जरा बसा नुसते.

चांगो : बसलोय.

शीला : ...मग पुलावर काय झालं तुमचं?

चांगो : काय नाय. चालता चालता मनात बोलून बघत व्हतो, घरी कोन हाय, घरी कोन हाय. नाव येईना. म्हनलं आता काय, कुत्र्याचं नाव घेऊ? हसायला आलं. नि मंग रडायलाच आलं. दुधाचे टेम्पो चाललेले, लोक बघायला लागले. फिरलो.

शीला : म्हणजे मी जिन्यात बसले होते तेव्हा तुम्ही पुलावर होतात.

चांगो : त्याच दिवशी.

शीला : कमालच आहे आपली. बरं, ह्या वर्षी तरी नीट होऊ दे. पहाटेच येते मी इकडे. ठरलं ना?

चांगो : हितनं नका निघू, वैनी.

शीला : का? आत्ता तर बसलोय म्हणालात.

चांगो : बशीन. पन हितं नाय. भगवान रिटायर व्हायचा त्या सालाची गोष्ट. एमआयडीसीत आमची कंपनी सुटली, गेटाभाईर मला थांबवलं नि बोलला, चांग्या, पुढल्या शिवरात्रीला तू चालायचं नाय. तू माझ्या घरी बसायचं. मी शीलाला नेणार. मी बोललो, बशीन, पन च्याची पावडर कुठं ठेवता ते सांगून जा.

शीला : असं म्हणाले ते?

चांगो : असंच. नि मंग दिवाळीत तो गेला. माजं बसायचं ऱ्हायलंय.

शीला : मग मला का नाही सांगितलंत इतके दिवस?

चांगो : कसं सांगू? तुमी एकल्या, मी बायको मेलेला मानूस. तुमच्या बिल्डिंगीत दारासमोर दार. सकाळपासून माज्या चपला भाईर दिसल्या का लोक काय काय बोलतील.

शीला : मीही तेच घोकत आले रिक्षात. म्हणूनच तर तुमची ओटी मागत होते, माझं घर सोडून. लोक काय म्हणतील. वर्ष उलटून गेलं, भाऊजी, त्या जिन्यात ‘काकू, लिफ्ट बंद आहे’ ह्याच्यापलीकडे, एक प्रतिभा सोडली तर, माझ्याशी कोणी शब्द बोललेलं नाही. आता बोलणार असतील तर बोलू देत.

चांगो : इचार करा. पोरीला विचारा.

शीला : विचारत नाही, सांगते. थांबा. ...रविना, ठरलं माझं. बदलापूरहूनच निघतेय, आपल्या घरातून. चांगो भाऊजी बसणार आहेत घरी, मी येईपर्यंत.

रविना : आपल्या घरात? एकटे? आई, सोसायटीचा ग्रुप माहितीये ना तुला? काय काय टाकतील त्याच्यावर.

शीला : तुझ्या पप्पांनी ठरवून ठेवलं होतं त्यांना. कंपनीच्या गेटावर. मला घेऊन जायचं होतं त्यांना, म्हणून.

रविना : पप्पांनी?

शीला : मला आत्ता कळलं.

रविना : ...काका ऐकतायत?

चांगो : ऐकतोय, बाय.

रविना : काका, चहा पावडर वरच्या फळीवर आहे, निळ्या झाकणाच्या डब्यात. साखर त्याच्या मागे. आणि ते दार लोटू नका हां, आपोआप लॉक होतं. मध्ये खुर्ची लावा काहीतरी.

चांगो : खुर्ची उंबऱ्यातच टाकतो नि तिच्यावर मीच बसतो.

रविना : चालेल. आई, पोचलीस की फोन कर. मी मशीन बंद ठेवून उचलेन.

शीला : बरं. ठेव आता. ...मला संध्याकाळ होईल, भाऊजी. मी काही तुमच्यासारखी भराभर चालणारी नाही.

चांगो : होऊ दे. पाय शेकायला पानी ठेवतो.

शीला : आणि चपला बाहेरच काढा. उगाच आत लपवू नका.

चांगो : काढतो.

शीला : एक विचारू? आवडीवहिनी असताना चालायचात तुम्ही, घरी त्या. म्हणजे तुमचं नाव तिथं...

चांगो : कोनी घेतलंच नाय. कंदीच. मी नेहमी चालनारा.

शीला : मग कसं घेऊ? आडनाव, गाव, सगळं सांगायचं असतं का?

चांगो : नाय, नाय. भगवान घ्यायचा तसंच. चांगो घरी हाय, यवढं बोला. नि मंग हात काढा.