वय कुणाचं धरायचं

हिंगोलीच्या स्टँडवर सेनगावची गाडी अजून लागली नव्हती. मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

"करुणाताई, दाजींचं बायपास छातीत झालं ना? मग पट्टी पायाला काहून?"

"पायातली नस काढून काळजाला जोडली, गौसिया."

"टिकंल का ती?"

"बिडी सोडली तर धा-बारा वर्षं आरामात, म्हणले डॉक्टर. ओढली तर लवकर बुजंल."

"मग दाजी काय म्हणले?"

"म्हणले, मी सत्तरीला आलो, आता किती जगायचं."

"अन् तुमी?"

"मी म्हणलं, माझी अजून साठीबी न्हाई झाली. हिशोब माझ्या वयानं करा."

"सोडली का मग?"

"सोडली म्हणतात. ते बघ, पाणी घेऊन येऊन राहिले. पाण्याला एवढा वेळ लागतो व्हय? तू बोलण्यात गुतवून ठेव, मी वास घेते."