कोळ्याला मुलगी झाल्याची जिलेबी

जबाब
दि. २८ जानेवारी १९९७

नाव: श्रीमती बनुबाई कृष्णात जगदाळे. वय: अडुसष्टच्या आसपास, जन्माची नोंद नाही. धंदा: शेती व घरकाम, पूर्वी सुईणपण (हे मुद्दाम लिहून घेण्यास सांगितले). शिक्षण: दुसरी, तीही पुरी नाही. राहणार: खोतवस्ती, ता. वाळवा, जि. सांगली.

मी वर लिहिल्याप्रमाणे राहणारी बाई आज ठाण्यात स्वतःच्या पायाने आले असून, कोणाचा धाक नसताना सांगते की, माझे चुलतदीर लालासाहेब जगदाळे यांनी आमच्या घराविरुद्ध अर्ज दिला आहे. अर्जात असं आहे की, माझी नात अंकिता, वय पंधरा, ही घरात विषारी कोळी पाळते. त्याला पिल्लं झाली असून ती वस्तीभर पसरतील. पोरीच्या जातीला असला शौक म्हणजे करणीचा प्रकार आहे. आणि मी जिलेबी वाटून खोटी बातमी उठवली. सबब कोळी जाळून टाकावा. याबाबत मला विचारलं म्हणून सांगते. पहिल्यांदा हवालदार बिराप्पा साहेबांचे आभार लिहावेत. साहेब म्हणाले, "आजी, जबाबात आभार नसतात." मी म्हटलं, "मग कुठं असत्यात?" त्यावर त्यांनी लिहून घेतले.

माझा मुलगा धैर्यशील मिलिटरीत आहे, सध्या जम्मूकडे. घरी मी, सूनबाई व अंकिता. अंकिताचं बाळंतपण मी स्वतः केलं, आमच्याच घरात. बाहेर ओट्यावर माणसं बसली होती. पेढ्यांचा पुडा आधीच आणून ठेवला होता. मी दार उघडून काय झालं ते सांगितलं. पुडा सुतळी न सोडता दुकानात परत गेला. हे मला कोणी विचारलेलं नाही, मीच सांगितलं.

कोळी आमच्याकडे दिवाळीनंतर आला. ऊस तुटून गेल्यावर बांध नीट करायला गडी लावला होता. बिळातून हा निघाला. तळहाताएवढा, अंगभर केस, चालला तर मखमल चालल्यासारखी. गड्यानं खोरं उचललं. अंकिता म्हणाली, "मामा, थांबा, तो काय करतोय तुमाला?" आणि भाकरीच्या टोपल्यानं झाकून घरी आणला. दुकानदाराकडून बिस्किटांची रिकामी बरणी मागून घेतली, झाकणाला भोकं पाडली, तळाला माती, पाण्याला बाटलीचं बूच. खायला नाकतोडा किंवा झुरळ. घरातली झुरळं बरीच कमी झाली. सूनबाईंची याबाबत काही तक्रार नाही.

वस्तीवरच्या बाया म्हणायच्या, "बनुकाकू, हिला पदरात कोण घेणार वो? सासरी काय कोळी घेऊन जाणार हाय?" मी म्हणायची, "तुमच्या पोरी दारुडं घेऊन नांदत्यात, ही कोळी घेऊन नांदंल." लालासाहेबांचा सिद्धू शिराळ्याच्या पंचमीला गळ्यात नाग घालून फिरला होता, तेव्हा त्याच्या बापानं फटाके उडवले आणि पोराचा फोटो फ्रेम करून सोप्यात लावला. तो अजून तिथं आहे, साहेबांनी पाहावा. नाग चावला तर माणूस मरतो. कोळी चावला तर सुजतं नि आग होते, असं अंकिता सांगते. तो अजून कोणाला चावलेला नाही.

अंकिताला त्याची जास्ती माहिती पाहिजे होती. तिच्या मास्तरांनी सांगितलं की सांगलीत रंगीत माशांचं एक दुकान आहे, तिथं रविवारी असली जनावरं पाळणारी पोरं जमतात. म्हणून मी व ती बरणी पिशवीत घालून एसटीनं सांगलीला गेलो. कंडक्टरनं विचारलं, "आजी, पिशवीत काय?" मी म्हटलं, "कोळी." तो हसला आणि पुढं गेला. मी खोटं बोललेली नाही.

दुकानात सगळे बाप्येच होते. कॉलेजची पोरं, एक डोक्यावर गॉगल चढवलेला. त्या कोळ्याला ते टॅरंटुला म्हणतात. मला ते नीट म्हणता येत नाही. बरणी बघून सगळे गोळा झाले, पण बोलायचं ते माझ्याशी. गॉगलवाला म्हणाला, "आजी, हा हिच्या भावानं धरला का?" मी म्हटलं, "तिला भाऊ न्हाई. हात हायत." मग एक जण म्हणाला की मुलींचं हे काम नाही, चार दिवस हौस असते, मग लग्न होतं नि जनावराचे हाल होतात. अंकिता बरणी पोटाशी धरून उभी राहिली. त्यातला अर्जुना नावाचा पोरगा स्टुलावरून उठला आणि म्हणाला, "बस हितं. कुठं सापडला ते पहिल्यापास्नं सांग." मला त्यांनी बाहेर बाकावर बसवलं आणि चहा दिला. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी सोनेरी मासे बघत होते. निघताना अर्जुनानं तिला स्वतःचं भिंग दिलं आणि म्हणाला, "कळलं की येऊन सांग." काय कळायचं ते मी तेव्हा विचारलं नाही. त्या अर्जुनाचेही आभार लिहावेत.

आता परवाचं सांगते. सूनबाई व अंकिता यमाईच्या यात्रेला औंधला माहेरी गेल्या होत्या, अंकिता शाळेचं झेंडावंदन बुडवून. जाताना मला सांगून गेली, "आजी, बुचात पाणी घाल, दुसरं कायबी करू नको." रविवारी, दि. २६ रोजी, सकाळी पाणी घालायला गेले तर कोळी उताणा, पाय वर. तेवढ्यात लालासाहेब डोकावले नि म्हणाले, "सुटलीस वयनी. मेला. टाक उकिरड्यावर."

मी उचलणार एवढ्यात एक पाय हलला. मग दुसरा. जोर लावल्यासारखा अंगाला ताण यायचा, मग सैल पडायचं. माझ्या हाताखालून निम्मी खोतवस्ती जन्माला आली आहे. मी म्हटलं, "भावजी, भाईर व्हा. बाई अडलीय."

मी बरणीवर माझं जुनं लुगडं टाकून अंधार केला. दाराला लिंबाचा डहाळा लावला. सोप्यात कोणाला येऊ दिलं नाही. शेजारचा रेडिओ बंद करायला लावला, त्यावर दिल्लीची परेड चालू होती. शेक द्यायचा विचार होता, पण शेगडी कुठं धरावी हे समजेना म्हणून दिला नाही. जेवण झाल्यावर लुगडं बाजूला करून बघितलं तर बरणीत दोघी. एक ओली, तुकतुकीत, दमून बसलेली. दुसरी तिच्या शेजारी, हलकी, जागची न हलणारी. लेक अशक्त होती, पण हुबेहूब आईवर गेली होती, केसन् केस. एवढी मोठी कशी झाली हा विचार मला आला नाही. मुलगीच कशावरून, असं साहेबांनी विचारलं. मी सांगितलं की मला तसं वाटलं.

सव्वीस जानेवारी असल्यानं स्टँडवर गरम जिलेबी होती. मी आणवली आणि घरोघर वाटली. लोक झेंड्याची जिलेबी समजून खात होते. लालासाहेबांनी दोन खाल्ल्या, तिसरी हातात घेतली आणि मग विचारलं, "कशाची वो?"

"मुलगी झाली."

"कुणाला?"

"आपल्या अंकिताच्या कोळ्याला. बाळ-बाळंतीण बरी हायत."

त्यांनी तिसरी ठेवून दिली.

काल दुपारी ते रॉकेलचा डबा घेऊन दारात आले. म्हणाले, "एक होतं तवर गप बसलो. आता वीण सुरू झाली. उद्या शंभर हुतील. त्या पोरीला शाळा शिकवली, ही फळं." मी बरणी मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसले. म्हटलं, "वता माझ्यावर." तेवढ्यात साहेब आले. त्यांनी आधी रॉकेलचा डबा उचलून स्वतःच्या सायकलपाशी नेऊन ठेवला, मग अर्ज वाचला. म्हणूनच आभार पहिल्यांदा लिहायला सांगितले. साहेबांनी मला सांगितलं की खरंच पिल्लं झाली असतील तर त्यांना जनावर वस्तीत राहू देता येणार नाही. मी म्हटलं, "दोघी एकत्रच न्या, लेक अजून हलत न्हाई." माझ्या हट्टानं अंकिताचा कोळी जातो की काय, असं मला तेव्हा वाटू लागलं.

दुपारच्या एसटीनं सूनबाई व अंकिता उतरल्या. दारात गर्दी बघून अंकिता पळत आली. बरणीत एकदा बघितलं आणि हसायलाच लागली. झाकण काढून लांब काडीनं लेक बाहेर घेतली आणि स्वतःच्या तळहातावर ठेवली. गर्दी मागं सरली. साहेबही दोन पावलं सरले, ते जबाबात सांगू नका म्हणाले. अंकिताने फुंकर मारली, तर लेक कागदासारखी उलटली. आत काहीच नव्हतं.

मी बरणीत वाकून बघितलं, दुसरी होती.

अंकिता माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "आजी, ही कात हाय. पिल्लू न्हाई गं झालं. त्यानं जुनं अंग टाकलं, नखासकट. तो एकटाच हाय. तू हात लावला नाहीस, अंधार केलास, म्हणून वाचला. उकिरड्यावर गेला असता तर मेला असता." मग तिनं कात पाण्यात भिजवून मऊ केली, पोटाकडची बाजू उलगडली आणि अर्जुनाचं भिंग लावून बघत बसली. बराच वेळ. लालासाहेबसुद्धा वाकून बघत होते. तिनं साहेबांना भिंग दिलं, साहेबांनी बघितलं, त्यांना काही समजलं नाही. मग ती म्हणाली, "मादी हाय."

आणि टाळी वाजवली. दोन्ही हातांनी.

साहेबांनी विचारलं, मादी असली तर काय. तिनं सांगितलं की मादीची खूण कातीच्या आतच दिसते, आणि नर मोठा झाला की साल-दीड सालात मरतो, मादी वीस वर्षंही जगते. पाळणारे सगळे मादी व्हावी म्हणून वाट बघतात. सांगलीला कात घेऊन गेलं आणि मादी निघाली तर तिथली पोरं चहा पाजतात. गॉगलवालासुद्धा. मी तिला दोनदा विचारलं, "मादी निघाली म्हणून?" ती म्हणाली, "व्हय." असली माणसं आहेत हे मला या वयात कळलं. त्यांनी मला बाहेर बसवलं होतं ते मी सोडून दिलं.

पिल्लं नाहीत, एकच कोळी आहे, बरणीला झाकण आहे, हे साहेबांनी सर्वांसमक्ष पाहिलं. बरणी वस्तीत फिरवणार नाही अशी हमी मी देते. मी गेल्यावर अंकिता देईल, कारण वीस वर्षं मला जमायची नाहीत. करणीचं वाक्य साहेबांनी लालासाहेबांना परत वाचून दाखवलं आणि विचारलं, "हे पोरगी म्हणून लिहिलंय का कोळी म्हणून?" ते वाक्य लालासाहेबांनीच खोडलं आहे. कोळी जाळण्याची मागणीही त्यांनी मागं घेतली. आता त्यांचं एवढंच म्हणणं राहिलं आहे की, मुलगी झालीच नव्हती, सबब जिलेबी चुकीनं वाटली, एवढं तरी माझ्या जबाबात यावं. साहेबही म्हणाले, "आजी, गैरसमजानं वाटली असं लिहू. मिटून जाईल."

मी त्यास तयार नाही. मुलगी झाली होती. आमच्याच घरात, माझ्याच हातावर. ती आता इथं ठाण्यात बाकावर बसली आहे, बरणी मांडीवर घेऊन. जिलेबी तिची धरावी. चुकीनं वाटली असं लिहू नये. उशिरा वाटली असं लिहावं.

साहेबांनी तसं लिहिलं आहे.

हा माझा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, जिलेबीचा भाग माझ्या सांगण्यावरून दोनदा. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. लालासाहेबांची तिसरी जिलेबी घरी झाकून ठेवली आहे, त्यांनी येऊन खावी.

सही: बनुबाई कृष्णात जगदाळे
समक्ष: बिराप्पा, पोलीस हवालदार