गाडीपुरतं रेडिओ स्टेशन

आत्या : ते काही नाही, गाडी मागे वळव. आयोजकांना फोन करून सांग, आत्याचा घसा बसलाय म्हणून.

भाची : घसा बसलेली माणसं एवढ्या मोठ्यानं ओरडत नाहीत.

आत्या : चेष्टा पुरे. सभागृह भरलेलं असणार. आजवर मी गायले ती ओट्यासमोर.

भाची : म्हणून तर काल तू गात होतीस तेव्हा मी पिठाच्या डब्यामागे मोबाइल ठेवला होता.

आत्या : म्हणजे? न विचारता रेकॉर्ड केलंस?

भाची : विचारलं असतं तर गायली असतीस? आता ऐक.

आत्या : कशावर? दादाच्या या खटाऱ्यात कॅसेट अडकलीय, ती कुणाच्या बापाला निघाली नाही.

भाची : राहू दे ती. ही डबी बघ. लायटरच्या खोबणीत बसवायची. मोबाइलमधलं गाणं घेते आणि रेडिओवर सोडते. फक्त रेडिओवर रिकामी जागा शोधायची, जिथे नुसती खरखर आहे... हां, इथे. झालं आपल्या गाडीपुरतं स्टेशन.

आत्या : रेडिओचं नाव काढू नकोस माझ्यासमोर. आवाजाच्या चाचणीला गेले, तर त्या साहेबांनी तोंडावर सांगितलं, "बाई, आवाज घरगुती आहे, घरीच गा." त्याच दिवशी बाबांनी पेटी माळ्यावर टाकली.

भाची : शंभरदा ऐकलंय ते. आता हे ऐक.

(गाणं सुरू होतं. गाडी सिग्नलला थांबते.)

आत्या : अगंबाई... ही मी?

भाची : मग काय शेजारीण?

आत्या : केवढा भरून राहिलाय गं आवाज... शी! कुकरची शिट्टी झाली मध्येच. बंद कर ते.

भाची : हात लावायचा नाही. तो बाजूच्या गाडीतला माणूस काय खुणावतोय बघ. काच खाली घे.

आत्या : झाली शोभा. आवाज कमी करा म्हणत असेल.

गृहस्थ : ताई, तुम्हीही हेच स्टेशन लावलंय ना? मी बातम्या शोधत होतो, नुसती खरखर, आणि एकदम या बाई लागल्या.

भाची : तुमच्या रेडिओवर?

गृहस्थ : हो, ऐका ना! आमची आई मागे बसलीय, ती बदलू देत नाही. मध्ये कुकर काय वाजला, कळलं नाही, पण गातायत काय! घरातलंच कुणीतरी आपल्यासाठी गातंय असं वाटतं. नाव सांगितलं का हो त्यांचं?

भाची : आत्या, बोल ना.

आत्या : अहो... मी आहे ती. मीच गातेय.

गृहस्थ : काय सांगता! आई, अगं, त्या इथे बसल्यात, रेडिओतल्या बाई!

आत्या : त्यांना म्हणावं, दुसरं कडवं चुकवू नका. ते जास्त जमलंय.

भाची : सिग्नल सुटला. बोल, वळवू?

आत्या : डोळे तरी पुसू दे. घरगुती म्हणे! दोन-दोन गाड्यांत वाजतेय मी, साहेब!

भाची : आत्या, मागचे हॉर्न मारतायत. वळवू की सरळ?

आत्या : सरळ. आणि तो रेडिओ बंद कर.

भाची : आता का?

आत्या : मला सूर लावायचाय.