ओलं अंगण आणि पावणं

अंगण सजवून लग्न जमतं का, ते मला विचारा. कळंब्याच्या अण्णांच्या पोरीला बघायला पावणं येणार, म्हणून मी त्यांच्या दारात रंगीत काँक्रीट ओतून वर दगडी फरशीचे ठसे उठवले. दोन दिवस पाय ठेवू नका, असं बजावलं. पावणं नेमके एक दिवस आधीच आले. आपल्याला बघायला आलेली मंडळी हीच, हे पोरीनं ओळखलंच नाही; काठी उगारून ओरडली, "ओ पावणं, पाय टाकशीला तर बघा! अण्णांनी हौसेनं केलंय!"

अण्णा मला म्हणाले, "गेलं की ओ स्थळ!"

पण मुलाची आई हसत सुटली. "बापाच्या अंगणाला एवढी जपतीया, पोरगी पसंत हाय. आता आत यायचं कुठनं, तेवढं सांग की सूनबाई!"