साडेतीनशेचा आकडा

दाताच्या दवाखान्यात मुद्रितशोधक गाल धरून बसला होता. जहाजबांधणीच्या मासिकात इंजिनाचे बोल्ट किती जोराने आवळायचे, तो आकडा त्याच्याच नजरेतून निसटला होता. अडीचशेचे साडेतीनशे छापून गेले होते. दुरुस्ती पुढच्या अंकात येणार होती. तोवर कुणाचं इंजिन फुटलं तर, या धास्तीने आठवडाभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. आणि आज नेमके शेजारी जहाजावरचे दोन इंजिनिअर येऊन बसले.

"मासिकातला तो बोल्टांचा तक्ता पाहिलास का रे?"

"पाहिला म्हणजे? आमच्या पोरांनी कापून इंजिनरूममध्ये चिकटवला."

मुद्रितशोधकाचा गालावरचा हात खाली आला.

"मग? आवळले साडेतीनशेवर?"

"वेडा आहेस का? आकडा बघूनच मी म्हटलं, थांबा, आधी इंजिनच्या कंपनीचं पुस्तक काढा."

"त्यात किती?"

"अडीचशे."

"म्हणजे मासिकवाल्यांनी माती खाल्ली."

"खाल्लीच. पण आम्ही कुठले शहाणे? तीन वर्षं तीनशेवर आवळत होतो! जुन्या चीफ इंजिनिअरने भिंतीवर लिहून ठेवलेलं. पुस्तक उघडतंय कोण?"

"अरे बाप रे."

"सगळे बोल्ट काढले. दोन-तीन बोल्टांना तर चिरा पडलेल्या."

"थोडक्यात वाचलात."

"संपादकाला पत्र लिहिणार आहे मी."

"शिव्या घालायला?"

"आधी शिव्या. मग आभार."

"दाढदुखीवाले कोण?" आतून नर्सने हाक मारली.

मुद्रितशोधक उठला खरा. पण कुठली दाढ दुखत होती, ते त्याला काही केल्या आठवेना.