टेकडीवरची केबल का सुटायची

आजच्या समारंभाचे माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, पाणीपुरवठा खात्यातले सहकारी, त्यांचे कुटुंबीय आणि ज्यांच्या निवृत्तीमुळे आपल्याला भरदुपारी टेबलावरून उठता आलं ते आमचे केबलमास्तर,

खात्याचा पत्रव्यवहार लिहिता लिहिता माझे केस पिकले. 'आपला कृपाभिलाषी' यापलीकडे माणसाशी काही बोलायची सवय उरलेली नाही, तेव्हा सांभाळून घ्यावं.

पाहुण्यांसाठी मास्तरांचं काम सांगतो. प्रत्येक टाकीवर पाण्याची पातळी नोंदवणारं यंत्र असतं. ते केबलवाटे आकडे कार्यालयात पाठवतं. आकडे थांबले की पडद्यावरची रेघ तुटते आणि मास्तर टाकीवरच्या राखणदाराला फोन लावतात. हिरवा दिवा आहे का? केबल काढून पुन्हा लावा. 'टक्' असा आवाज आला? इतक्या मायेनं त्यांनी आमच्यापैकी कुणाची प्रकृती विचारल्याचं स्मरत नाही.

टेकडीवरच्या टाकीची रेघ मात्र सारखी तुटायची. केबल बदलली, जोडणीचा डबा बदलला, नेटवर्कवरचा एकच पत्ता चुकून दोन यंत्रांना दिला गेलाय का तेही पाहिलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी! पुन्हा आपला तोच फोन.

"मास्तर, दिवा गेला बघा."

"केबल काढून लावा."

"लावली. आला दिवा. जेवलात का?"

"जेवलो. तुम्ही?"

"आत्ताच. वारा फार सुटलाय इथं."

रेघ केव्हाच जुळलेली असायची, बोलणं चालूच.

लहानपणी न्यायशास्त्र घोकलं होतं, ते आयुष्यात इथे एकदाच कामी आलं. अन्वय-व्यतिरेक! एक असताना दुसरं घडतं, नसताना घडत नाही, तर पहिलं ते कारण. मास्तर कामावर असले की रेघ तुटे. मास्तर रजेवर गेले की अखंड! म्हणजे बिघाडाचं कारण साक्षात मास्तरच. हा सिद्धान्त मी त्यांच्यापुढे मांडला.

"पंडित, गप्प बसा," ते म्हणाले. "केबल राखणदार स्वतःच उपटतो. तिची क्लिप झिजलेली मी पाहिलीय. वर बोलायला माणूस नाही हो त्याला."

ते राखणदार आज टाकीवर बदली माणूस बसवून आलेत. ते पाहा, शेवटच्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. मघाशी जिन्यात मी त्यांना गाठलं. म्हटलं, "काय हो, एकटं वाटतं म्हणून केबल काढता?"

ते चिडलेच. "मला कशाला एकटं वाटेल? वहिनी गेल्यापासून मास्तर कुणाशी बोलेनात. यंत्र बिघडलं तरच बोलतात. मग बिघडवायला नको?"

अध्यक्षमहाराज, नोंदीत पडलेली ती खिंडारं आपण कृपया याच सभागृहात विसरून जावीत. आणि आता खिंडारं पडायचीही नाहीत. नवं यंत्र आलंय. त्याला केबलच नाही, आणि जोडणी तुटली तर ते आपली आपण जुळवून घेतं. कुणी कुणाला विचारायला नको.

"मग मास्तरांच्या घरी फोन करा की," मी राखणदारांना म्हणालो.

"काय सांगून?"

"काही नाही. असंच."

"असंच कसा करू? ते विचारतील, काय बिघडलंय. मी काय सांगू?"

शब्दांवर पोट भरणारा माणूस मी खरा. माझ्या घरचा फोन वाजतो तोही बहुधा चुकून लागलेला असतो. तरी मी जरा वेळ बोलून घेतो.

असो. दोघांची खासगी गोष्ट मी चारचौघांत उघडी केली. हा प्रमाद दोघांनी पोटात घालावा. आपण सर्वांनी चहा थंड होऊ देऊन ऐकलंत, मी ऋणी आहे.

मास्तर, एकच विनंती. उद्या दुपारी टेकडीवरून फोन येईल. काय बिघडलंय, हे तेवढं विचारू नका.